नाक नको, हिरड्या बघा

प्रश्न : आमचा वाघ्या तीन वर्षांचा, गावठी, शेतावर राखणीला असतो. चार दिवस झाले, भाकरीला तोंड लावत नाही. नाक ओलं आणि गार आहे, म्हणजे ताप नसावा. घरचे म्हणतात, ऑक्टोबरचं ऊन लागलं. तापाची अर्धी गोळी दिली तर चालेल का? पावसाळ्यात गोचिडी फार झाल्या होत्या, त्या हाताने काढल्या. कालपासून लघवी काळ्या चहासारखी होतेय.
– एक वाचक, घनसावंगी (जि. जालना)

उत्तर : गोळी अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉलने कुत्र्याचं यकृत बिघडतं, तांबड्या पेशींनाही इजा होते. आणि वाघ्याच्या तांबड्या पेशी आधीच फुटत असाव्यात, असं तुमचं पत्र सांगतंय. खरी खूण तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत.

गोचीड रक्त पिताना बबेसिया नावाचा जंतू अंगात सोडते. तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. गोचिडीतूनच एर्लिकिया नावाचा दुसरा जंतूही येतो. त्यात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटतात, नाकातून रक्त येतं, पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके उठतात. पुष्कळदा दोन्ही एकदमच असतात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजारातही लघवी अशी होऊ शकते आणि तो माणसाला लागतो, म्हणून वाघ्याच्या लघवीची साफसफाई हातमोजे घालून करा.

नाकावर आपल्या लोकांचा फार भरवसा! झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं आणि तापाने फणफणलेल्याचं ओलं असू शकतं. ताप गुदद्वारात थर्मामीटर लावूनच कळतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. म्हणजे आपण ज्याला ताप म्हणतो, ते त्याचं रोजचं. १०३च्या पुढे गेलं की समजा.

त्यापेक्षा ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा. जागा पांढरी पडून दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. आधीच पांढरट असेल तर रक्त कमी झालंय, पिवळी असेल तर कावीळ. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या कधी काळ्याच असतात, तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

वाघ्याला आजच दवाखान्यात न्या. कानाच्या कडेचं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन तपासायला सांगा. तालुक्याला सोय नसेल तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. लोक काय करतात, आठवड्यात कुत्रं भाकरी खायला लागलं की गोळ्या बंद! मग तेच दुखणं दोन-चार महिन्यांनी उलटतं. बबेसियाला औषध वेगळं, ते डॉक्टरच देतील.

अंगावरच्या गोचिडी काढून भागत नाही. मादी पोट भरलं की खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, दगडांच्या सांदीत हजारोंनी अंडी घालते. शेतातल्या आखाड्यावरच्या भिंतींच्या भेगा बुजवा. कपाशीवर फवारायचं औषध मात्र कुत्र्याला लावू नका, तो अंग चाटतो. गोचिडीसाठी गोळी किंवा मानेवर सोडायचे थेंब डॉक्टरांकडून त्याच्या वजनाप्रमाणे घ्या.

जाताना स्वच्छ बाटलीत थोडी लघवी धरून न्या. वाघ्या मोटारसायकलवर बसत नसेल तर रिक्षा करा, पण चालवत नेऊ नका. अंगात रक्त कमी असताना त्याला धाप लागेल.