वाचक विचारतात : एकाच नंबराच्या दोन नोटा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकच्या सिडकोत राहते, यंदा बारावी झाले. एक फँटसी कादंबरी लिहायला घेतली आहे. माझ्या नायिकेला, रेवाला, एक मंत्र येतो. समोर ठेवलेली कुठलीही निर्जीव वस्तू त्या मंत्राने एकाची दोन होते. तीन प्रकरणं झरझर झाली आणि मग अडकले. मैत्रीण म्हणते, असा मंत्र येत असेल तर रेवाच्या घरात गरिबी असेलच कशी? सोन्याचा मणी दुप्पट करत बसायचं, गोष्ट संपली. मंत्र काढून टाकू का?

उत्तर : मुळीच काढू नकोस. आणि मैत्रिणीला जपून ठेव, कारण तिने जिथे बोट ठेवलंय तिथूनच तुझी कादंबरी पुढे सरकणार आहे.

आधी पैशाचंच बघू. समज, रेवाने पाचशेची नोट पाटावर ठेवली, मंत्र म्हटला, दोन झाल्या. आता दोन्ही नोटांचा खालचा उजवा कोपरा बघ. आकडे लहानापासून मोठे होत जातात ना, तो नंबर. पुढची तीन अक्षरं-आकडे तेच, मागचे सहा आकडेही तेच. छापताना नंबर, त्याच्याजवळचं छोटं अक्षर, छपाईचं वर्ष आणि गव्हर्नरची सही हे सगळं मिळून प्रत्येक नोट वेगळी ठरते, पण मंत्राने नोट छापलेली नाही, आहे तशी उचलली आहे. बनावट नोट पकडणारा माणूस कागद बघतो, धागा बघतो, उजेडात धरून जलचिन्ह बघतो, बोटाने शाईचा उठाव चाचपतो. इथे ते सगळं अस्सल आहे. जगातलं कुठलंही यंत्र या नोटेला खोटी म्हणणार नाही. एकटी आहे तोवर ती बिनधास्त चालेल. दोघी एका गल्ल्यात शेजारी आल्या की दोघींचंही संपलं, आणि त्यातली आधीची कुठली हे रेवालाही सांगता येणार नाही.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नोटांचा छापखाना इथे १९२८ पासून आहे, आणि जेलरोड, उपनगर भागातल्या कितीतरी घरांत ‘प्रेसमध्ये आहेत’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. वडिलांच्या हातात कोरी नोट आली की ते आधी नंबर वाचायचे, मग खिशात ठेवायचे. घरात दुसरं कोणी हे करत नसे. एखादी नोट छपाईत खराब निघाली तर तिच्या जागी दुसरी घालावी लागते. २००६ पासून त्या बदली नोटेच्या नंबरात मधोमध एक छोटी चांदणी छापतात, म्हणजे ही बदली आलेली आहे हे नोटेवरच दिसतं. ज्यांचं कामच एकासारखी एक वस्तू काढणं, ते प्रत्येक वस्तू निराळी ओळखू यावी म्हणून इतकी काळजी घेतात. रेवाच्या जगात असा नंबर वाचणारा एक तरी माणूस हवा. तो दुष्ट नको. आपलं काम चोख करणारा, सावकार किंवा खजिन्यातला कारकून असा कुणी असला तर रेवा त्याला घाबरेल आणि वाचक त्या माणसावर चिडूही शकणार नाही. मला तर तो आत्ताच दिसायला लागलाय.

तुझ्या जगात नोटा नसतील, मोहरा असतील, मोहरेवर नंबर नसतो, हे खरं. मग हिशेब कर. एका वस्तूच्या दोन, दोनाच्या चार, असं वीस वेळा केलं तर १०,४८,५७६ होतात. मोहरांचं ऐकून काही वाटणार नाही, म्हणून कांद्याचं सांगते. शंभर ग्रॅमचा एक कांदा वीस वेळा दुप्पट केला तर हजार क्विंटलच्या वर माल झाला. तीस क्विंटलचा ट्रॅक्टर धरला तर पस्तीस ट्रॅक्टर. ते लासलगावच्या आवारात लिलावाला उभे कर, दुसऱ्या दिवशी तेवढेच आणखी, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. भाव काय निघेल हे निफाड तालुक्यातलं शाळकरी पोरही सांगेल. रेवाच्या गावात तिला एकटीला मंत्र येतो तोवर ती श्रीमंत. मंत्र दहाजणांना कळला की मोहरेचा भाव पडला, आणि पहिला फटका कुणाला? ज्याने आयुष्यभर राबून वीस मोहरा गाडग्यात साठवल्या त्याला. तो म्हातारा रेवाचा शेजारी असू दे. तिच्या घरातली गरिबी तू अशीही ठेवू शकतेस की तिच्या आईला हे सगळं आधीच माहीत आहे आणि तिने मुलीला मोहरेवर मंत्र म्हणायची शपथपूर्वक बंदी घातली आहे.

आता राहिला प्रश्न, दुसरी वस्तू येते कुठून. तू लिहिलं नाहीस, म्हणजे अजून ठरवलेलं नाहीस. ‘शून्यातून’ असं म्हणायचं असेल तर शून्यातून म्हणजे किती, ते एकदा बघ. वस्तुमान आणि ऊर्जा यांचं आइनस्टाइनचं समीकरण धरलं तर एक ग्रॅम वस्तू निर्माण करायला साधारण अडीच कोटी युनिट वीज लागेल. आपलं एकलहऱ्याचं वीज केंद्र ६३० मेगावॉटचं. त्याचे तिन्ही संच पूर्ण ताकदीने सलग चाळीस तास चालवले, सगळ्या शहराची बत्ती बंद ठेवली, तेव्हा कुठे एक ग्रॅमची नथ. एवढी शक्ती जिच्या जिभेवर आहे ती मुलगी नथ कशाला करेल, डोंगर हलवेल. म्हणून मला दुसरा मार्ग जास्त आवडतो : वस्तू दुसरीकडून येते. रेवाने तांब्या दुप्पट केला की गावात कुठेतरी कुणाच्या तरी भांड्याचं तांबं तेवढंच झिजतं. कुणाच्या, ते तिला माहीत नसतं. चौथ्या प्रकरणात शेजारची काकू पातळ झालेली, बोटाने दाबली तर वाकणारी कळशी घेऊन दारात येऊ दे. तेवढं कर, तू अडकायची नाहीस.

प्रश्न : मी पंचवटीत माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. मुलांना जादूच्या गोष्टी लिहायला सांगितल्या तर वस्तू वाढवणाऱ्या जादूच्या बऱ्याच आल्या. सगळ्या हॅरी पॉटरवरून. त्यात एका बँकेच्या तिजोरीत हात लागेल ती वस्तू वाढत जाते, तो प्रसंग मुलांना पाठ आहे. आपल्याकडच्या साहित्यात याला समांतर काही देता येईल का?

उत्तर : सर, देता येईल आणि भरपूर. पण मुलांचा तो प्रसंग आधी वाया जाऊ देऊ नका. सातव्या पुस्तकातली ती तिजोरी. तिथे वस्तू वाढतात त्या कुणाला श्रीमंत करण्यासाठी नव्हे. प्रती कवडीमोलाच्या आहेत, वर अंगाला चटके देतात, आणि त्यांच्या ढिगात हॅरी शोधायला आलेला खरा पेला लपतो, चोर चेंगरतो. दुप्पट करण्याची विद्या लेखिकेने कुलपासारखी वापरली. मुलांना विचारा, ही जादू वाढवते की लपवते? तास त्यातच जाईल.

आपल्याकडचं म्हणाल तर रक्तबीज आहेच. देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायात त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तितक्याच बळाचा दुसरा रक्तबीज उभा राहतो. सप्तशृंग गडावर जाणाऱ्या मुलांना हे नवं नाही. समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून ऋषी सप्तशती म्हणत आणि देवी मान कलती करून ऐकते, ही आख्यायिका त्यांनी घरी ऐकलेली असते. इथे मुलांचं लक्ष अटीकडे वळवा. थेंब जमिनीवर पडला तर. म्हणून देवी चामुंडेला सांगते, रक्त खाली पडू देऊ नकोस, वरचेवर पी. अट डोळ्यांना दिसणारी आहे, म्हणून तोडगाही दिसतो. द्रौपदीच्या थाळीचंही तसंच. द्रौपदीचं जेवण होईपर्यंत थाळी कितीही जणांना पुरते, ती जेवली की त्या दिवसापुरती रिकामी. आणि दुर्वास शिष्यांना घेऊन येतात ते नेमके ती जेवल्यावर.

पण मला स्वतःला सगळ्यांत थोर वाटते ती भागवताच्या दशम स्कंधातली, तेराव्या अध्यायातली गोष्ट. ब्रह्मदेवाने कृष्णाची परीक्षा बघायला वासरं आणि गोपाळ पळवून लपवले. कृष्ण स्वतःच ती सगळी वासरं आणि सगळी पोरं झाला. ज्याची जशी काठी, जसा पावा, जसं बोलणं, जशी खोड, तसंच. संध्याकाळी ज्याच्या-त्याच्या घरी गेला. वर्षभर कुणाला पत्ता नाही. आयांनाही नाही. मग वर्ष भरायला पाच-सहा रात्री उरल्या असताना गोवर्धनावर चरणाऱ्या गाईंना खाली वासरं दिसली आणि त्या उताराने धावत सुटल्या. या गाई नंतर पुन्हा व्यायलेल्या, त्यांना नवी तान्ही वासरं होती, तरी त्या या जुन्या, दूध सुटलेल्या वासरांना पाजायला लागल्या. त्यांना अडवायला रागारागाने धावलेले गोप आपापल्या पोरांना बघून राग विसरले आणि त्यांना पोटाशी धरून बसले. बलराम हे बघतो आणि थबकतो. एवढं प्रेम? हे आधी नव्हतं.

सर, प्रत ओळखायची खूण इतकी विलक्षण कुठे वाचली असेल तर सांगा. नक्कल नेहमी काहीतरी उणी निघते आणि म्हणून पकडली जाते. इथे ती जास्त भरते आणि म्हणून पकडली जाते. मुलांना एवढाच विषय द्या : तुमच्या घरातल्या एखाद्या वस्तूची जादूने प्रत झाली आणि ती मूळ वस्तूपेक्षा सगळ्यांना जास्त आवडू लागली. दोन पानं. पाटीपेन्सिलीपासून आजीच्या पानपुड्यापर्यंत काय काय येईल बघा. तुमचा वर्ग पंचवटीत आहे, तेव्हा छायासीताही आणाच. अध्यात्मरामायणात खरी सीता अग्नीत राहते आणि रावण नेतो ती तिची छाया. सीतागुंफेवरून रोज शाळेत येणाऱ्या पोरांनी त्या छायेच्या तोंडून चार ओळी लिहिल्या तर मला जरूर पाठवा.

प्रश्न : मी देवळाली कॅम्पला राहतो, विज्ञानकथा वाचतो. हुबेहूब प्रत ही कल्पना विज्ञानाला कितपत मान्य आहे?

उत्तर : मोठ्या वस्तूंची कामचलाऊ प्रत आपण रोजच काढतो. अगदी तळाशी गेलं की मात्र निसर्गाची मनाई आहे. एखाद्या कणाची क्वांटम अवस्था, म्हणजे त्या कणाची संपूर्ण सूक्ष्म स्थिती, आपल्याला माहीत नसेल तर तिची तंतोतंत दुसरी प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक या भौतिकशास्त्रज्ञांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, गणिताने दाखवलं. ती अवस्था दुसऱ्या जागी पाठवता येते, तशी योजना १९९३ मध्ये मांडली गेली आणि पुढे प्रयोगांतही उतरली. पण पाठवताना मूळ ठिकाणची अवस्था पुसली जाते. कथा लिहायची असेल तर हा नियम आयता आहे : मंत्र म्हटला की वस्तू पलीकडच्या खोलीत उमटते आणि इथली जाते. सिडकोतल्या मुलीने रेवाच्या शत्रूला हा दुसरा मंत्र द्यावा असं मला वाटतं. एकीकडे रेवा वस्तू वाढवत बसेल आणि दुसरीकडे तो तिच्याच घरातून एकेक उचलत राहील. त्या मुलीने पाचवं प्रकरण लिहिलं की माझ्याकडे पाठवावं, कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून.