पाद्री आणि गुप्त तार

प्रश्न: मी पहिल्या महायुद्धातल्या लंडनवर प्रेमकथा लिहितेय, हिरो पाद्री आहे आणि जर्मनांचे गुप्त मेसेज फोडतो. मैत्रीण म्हणते फारच फिल्मी आहे. बदलू का? – एक वाचक, वसई

उत्तर: अजिबात नको ताई! असा माणूस खरंच होता, रेव्हरंड विल्यम माँटगोमेरी, जर्मन इतकं पक्कं की धर्मतत्त्वज्ञ अल्बर्ट श्वाइट्झर यांचा येशूवरचा ग्रंथ त्यांनीच १९१० मध्ये इंग्रजीत आणलेला. रूम ४० मध्ये, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या गुप्त संदेश फोडणाऱ्या विभागात, जानेवारी १९१७ ला त्यांच्या आणि सहकारी निगेल डी ग्रे यांच्या समोर जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची तार आली, नुसते आकडेच आकडे, आणि त्यातून निघालं काय तर जर्मनी मेक्सिकोला फितवतेय, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत घ्या म्हणून! मेक्सिकोला गेलेल्या तारेत तर ‘ॲरिझोना’चे चार तुकडे, एआर, आयझेड, ओएन, ए. हा सीन घ्याच. एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली.

लग्नाचं टेन्शन नको, हिरो प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) ठेवा, त्यांचे पाद्री संसार करतात. पण मग त्याला कन्फेशन ऐकायला बसवू नका हं, ते आपल्या वसईकडचं, कॅथलिकांचं. आणि एनिग्मा, ते जर्मनांचं गुप्तलिपीचं मशीन, प्लीज घुसवू नका, ती भानगड दुसऱ्या महायुद्धातली.