टाचेमागचं दुखणं: आधी गेल्या काही महिन्यांतल्या गोळ्या तपासा

ताई, तुमची पोस्ट वाचताना माझंच जुनं दुखणं कुणीतरी लिहून काढलंय असं वाटलं, म्हणून जरा लांबण लावते. वय ६१, सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेमागे ठणका, दहा पावलं चाललं की मोकळं. दोन महिने विश्रांती घेतलीत, पुन्हा पळायला लागलात आणि आठवड्यात परत तेच. वर डॉक्टर म्हणाले, "या वयात पळायचं कशाला?" बूट, वॉर्मअप, पाणी यांवर मी काही लिहीत नाही, इतकी वर्षं पळताय तर ते तुम्हाला माहीतच असणार. मी डॉक्टर नाही. ६८ वर्षांची, पुण्याच्या तळजाई टेकडीवर पळणारी निवृत्त बाई आहे. औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

माझा पहिला प्रश्न असा: गेल्या काही महिन्यांत लघवीच्या इन्फेक्शनसाठी, जुलाबासाठी किंवा छातीतल्या कफासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता का? नावाच्या शेवटी 'फ्लॉक्सासिन' होतं का? सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, सगळी एकाच घरातली. या गोळ्यांनी काही जणांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, दुखावतात, क्वचित तुटतातही, आणि सगळ्यात जास्त फटका बसतो तो पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस कंडरेला. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे धोका वाढतो, सोबत स्टेरॉइड चालू असेल तर आणखी. दुखणं कोर्स सुरू असताना येऊ शकतं, तसंच कोर्स संपून महिने झाल्यावरही येऊ शकतं. म्हणूनच त्याचा गोळीशी संबंध कुणाला सुचत नाही.

मलाही कुणी सुचवला नाही. पावसाळ्यातला खोकला हटेना म्हणून मला लिव्होफ्लॉक्सासिन आणि सोबत थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. काही आठवड्यांनी दोन्ही टाचा एकदम धरल्या. ज्या क्लिनिकमध्ये गेले (नाव लिहीत नाही) तिथे फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधं' एवढाच रकाना होता. बीपीची गोळी लिहिली, संपलं. एक्स-रे काढला, टाचेला हाड वाढलंय म्हणाले, मशीनच्या शेकाचं पॅकेज घ्यायला लावलं आणि पळणं कायमचं बंद सांगितलं. अहो, टाचेचं वाढलेलं हाड काहीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतं! आणि दोन्ही पाय एकाच वेळी का दुखताहेत, हे तिथे एकानेही विचारलं नाही. शेक घेऊन फरक पडेना तेव्हा टाचेतच स्टेरॉइडचं इंजेक्शन देतो म्हणाले. अकिलीसमध्ये स्टेरॉइड टोचलं तर ती तुटण्याचा धोका असतो. मला आजही त्या क्लिनिकचा राग आहे. जवळपास एक वर्ष गेलं माझं, आणि पोटरी इतकी वाळली की जिने उतरताना कठडा सोडवेना.

पुढे एका तरुण फिजिओने फोनवरच सांगितलं, "काकू, वर्षभरातले सगळे कागद घेऊन या." तिने चिठ्ठ्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडल्या, पेनाचं टोक लिव्होफ्लॉक्सासिनवर ठेवलं आणि दुखणं नक्की कधी सुरू झालं ते विचारलं. या सगळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तेव्हा तुम्हीही चिठ्ठ्या शोधा. असा कोर्स आत्ता चालू असेल तर पळणं आजच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करून दुसरं औषध चालेल का विचारा. मनानेच गोळी बंद करू नका. यापुढे कुठेही गेलात तरी हे आधी सांगा.

आता व्यायाम. नुसत्या विश्रांतीने ठणका कमी होतो, पण कंडरा बळकट होत नाही, आणि तुमचं दुखणं परत येण्याचं कारण मला तरी हेच दिसतं. १९९८ साली स्वीडनमधले हाडांचे डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी मांडलेली पद्धत अजून वापरतात: पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायाने टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, वाकवून १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. आपल्या वयाला पहिल्या दिवसापासून एवढं झेपत नाही. मी जमिनीवर दोन्ही पायांनी, ओट्याला धरून सुरुवात केली. दुखणं गोळीचं असेल तर याहूनही हळू जावं लागतं.

एक गोष्ट मात्र आधी बघा. टाचेमागची कंडरा चिमटीत धरून दाबा. हाडापासून दोन-तीन बोटं वर दुखतंय, की अगदी हाडाला चिकटते तिथेच? हाडापाशी दुखत असेल तर टाच पायरीखाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा. यूट्यूबवाले हा फरक सांगत नाहीत आणि लोक दुखणं वाढवून बसतात.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी पाचच्या आत असावं आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसावं. पण पोटरीवर मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.

पळायला लागाल तेव्हा एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, मध्ये एक-दोन दिवस सुट्टी. चढ आणि वेग सगळ्यात शेवटी, कारण चढावर अकिलीस जास्त ताणली जाते. आणि स्पष्टच सांगते, जानेवारीची मुंबई मॅरेथॉन यंदा सोडा. पैसे भरलेत म्हणून पळू नका.

जाता जाता आणखी थोडं. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर घड्याळातल्या हार्ट रेटवर विसंबू नका, ती गोळी ठोके दाबूनच ठेवते. पळताना बोलता येतंय का ते बघा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर करून घ्या. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात आणि पावलाच्या हाडाला बारीक तडा गेला तर तोही असाच टाचदुखीसारखा वाटू शकतो. जेवणात डाळ, दही, अंडी वाढवा. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून.

आणि "या वयात कशाला" म्हणणाऱ्यांना सांगा, कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ साली ७३ व्या वर्षी टोरांटोची पूर्ण मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावले होते. आपल्याला तेवढं नको, पण डॉक्टरांनी निदान पाय हातात घेऊन तपासावा एवढी अपेक्षा चुकीची नाही.

गोळ्यांची नावं, एक पाय की दोन्ही, आणि दुखणं हाडापाशी की वर, एवढं लिहा. फिजिओकडे जाताना काय विचारायचं ते मग सांगते.