केरळची गाडी पकडण्याआधी

केरळात बांधकाम मजुराला दिवसाला साडेआठशे रुपये मिळतात हे तू ऐकलंस ते खोटं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३च्या आकड्यांत ग्रामीण बांधकाम मजुराला तिथे सरासरी ८५२ रुपये, मध्य प्रदेशात जेमतेम २७८. देशाची सरासरी ३९३. पण पावसाळ्यातले खाडे, खोलीभाडं, खाणावळ वजा करून बघ. आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन जाऊ नकोस बाबा! मी घेतली होती. हिशेबाला माझ्या वहीत २६ हजेऱ्या, मुकादमाच्या वहीत २१. तेव्हापासून रोज संध्याकाळी हजेरी मुकादमासमोरच लिहितो. बिगारीवर, म्हणजे नुसत्या ओझी वाहण्याच्या कामावर, अडकू नकोस, थापी-ओळंबा शिकून घे; त्याच मजूर नाक्यावर गवंड्याची दिवसाची मजुरी जास्त असते. वर्षात ९० दिवस भरले की बांधकाम कामगार मंडळात नोंदणी कर.