गोळ्या सुरू केल्यावर एचआरव्ही खाली आला, त्याबद्दल

संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यानंतर पाच आठवड्यांत घड्याळातील एचआरव्ही (हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतर किती कमीजास्त होते त्याचे माप, मिलिसेकंदांत) ५२ वरून ३८ वर आला, धावण्याचा सराव मात्र नेहमीचाच आहे, तेव्हा हृदयाची तपासणी करावी का, हा तुमचा प्रश्न वाचताना तीन वर्षांपूर्वीची मीच मला दिसले. मी डॉक्टर नाही, लेखापरीक्षण करते. म्हणून हे उपचार समजू नका, केवळ अनुभव समजा.

माझा आकडा उतरला तेव्हा मी पुण्यातील एका तपासणी केंद्रात गेले. तेथील अर्जात ‘सध्या चालू असलेली औषधे’ या रकान्यात मी ‘काही नाही’ असे लिहिले. गोळी रोज रात्री घेत होते, पण औषध आजारी माणसाचे असते अशी माझी समजूत होती, आणि खरे सांगायचे तर स्वागतकक्षातील मुलासमोर ते लिहिण्याचा संकोचही वाटला. ही चूक माझी. पण चाळिशीच्या आतील बाईच्या हृदयाची तपासणी करणाऱ्या त्या केंद्रात पाळीची तारीख एकानेही विचारू नये, याचा राग अजून गेलेला नाही. ईसीजी, टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट निर्दोष निघाल्या. २४ तासांचे होल्टर (अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारे यंत्र) मात्र सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा लावले आणि दुसऱ्यात एचआरव्हीची ‘घट’ दिसते म्हणून धावणे बंद करायला सांगितले. अडीच महिने मी तळजाई टेकडीवर पाऊल ठेवले नाही.

पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न पाळीचा विचारला. घरी येऊन कालनिर्णय काढले, ज्यावर दुधाच्या खाड्यांशेजारी मी पाळीच्या तारखांना टिंब देते, आणि दोन्ही अहवाल त्यावर ताडून पाहिले. पहिले होल्टर संप्रेरकविरहित सात दिवसांत, म्हणजे गोळ्यांच्या सुट्टीच्या आठवड्यात, लावले होते, दुसरे नव्या पाकिटातील अकराव्या गोळीच्या दिवशी. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर दोन वेगळ्या खात्यांची शिल्लक एकमेकांतून वजा केली गेली होती.

गोळ्या नसतानाही बीजमोचनानंतर (अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर) प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते, विश्रांतीतील नाडी थोडी वाढते आणि एचआरव्ही साधारणपणे उतरतो; पाळी आली की तो पुन्हा सावरतो. संयुक्त गोळी बीजमोचनच थांबवत असल्यामुळे हा नैसर्गिक चढउतार बदलतो, आणि काही जणींमध्ये, माझ्यासारख्या, सुट्टीच्या आठवड्यात आकडा वर जातो. गोळ्यांमुळे एचआरव्ही एकंदरीत कमीच होतो का, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे ‘गोळी हृदय बिघडवते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे मी दुर्लक्ष करते. तांबी बसवलेल्या मैत्रिणींनी हेही लक्षात घ्यावे की तिच्यात संप्रेरके नसतात, बीजमोचन चालूच राहते, त्यामुळे महिन्याची ती उतरण त्यांनाही दिसू शकते.

माझे मत असे की मनगटावरच्या एका आकड्यासाठी पाकीट मध्येच सोडू नये; सोडायचे असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. छातीत दुखणे, धाप लागणे, एकाच पायाला सूज व वेदना, किंवा डोळ्यांपुढे झगमगाट होऊन उठणारी डोकेदुखी यांपैकी काही असेल, तर मात्र घड्याळ बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा. एरवी सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, पडूनच मोजा आणि त्या दिवसाची तुलना मागच्या पाकिटातील त्याच दिवसाशी करा. अपुरी झोप धरायलाही विसरू नका. गणपतीआधी ढोल पथकाच्या सरावाहून रात्री उशिरा परतते त्या आठवड्यांत माझा आकडा गोळ्यांमुळे कधी उतरला नव्हता इतका उतरतो.

तुमचा ३८ हा आकडा कितव्या गोळीच्या दिवशीचा आहे आणि ५२ कधीचा, तेवढे मात्र कळवा.