इन्फिनिटी इंजिन म्हणजे नेमकं काय, आणि त्याचा सोर्स कोड बंद असूनही लोक त्यात बदल कसे करतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. ‘बाल्डर्स गेट’ आणि ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ हे कॉम्प्युटर गेम इतके वेगळे असूनही एकाच इंजिनवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या एकाच मूळ प्रोग्रामवर, कसे चालले? आणि कंपनीने सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कधीच खुला केला नसताना लोक आजही त्यात नवी पात्रं, नवी गावं कशी घालतात? माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच: या इंजिनात खेळाचा बहुतेक ऐवज प्रोग्रामच्या बाहेर, सुट्या फायलींमध्ये ठेवलेला आहे. त्या फायली मी बरीच वर्षं उघडून बघतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडा इतिहास. कॅनडातल्या एडमंटनची बायोवेअर ही कंपनी १९९५ मध्ये डॉक्टरांनी सुरू केलेली. ‘बॅटलग्राउंड: इन्फिनिटी’ नावाचा नमुना घेऊन ते इंटरप्ले या प्रकाशकाकडे गेले. तो होता फौजा लढवण्याच्या खेळाचा. इंटरप्लेकडे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या खेळाचे हक्क होते, त्यामुळे तोच पाया रोल-प्लेइंग गेमसाठी, म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट जगायच्या खेळासाठी, वापरायचं ठरलं आणि डिसेंबर १९९८ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ आला. मूळ आजही दिसतं: माउस ओढून चौकटीत सगळी टोळी पकडायची, हुकूम द्यायचा, स्पेसबार दाबून वेळ थांबवायचा. आत मात्र प्रत्येकाची सहा सेकंदांची फेरी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांप्रमाणे चालू असते. पुढे इंटरप्लेच्याच ब्लॅक आइल या विभागाने हेच इंजिन घेऊन ‘टॉर्मेंट’ (१९९९), ‘आइसविंड डेल’ (२०००) आणि त्याचा दुसरा भाग (२००२) केला. ‘बाल्डर्स गेट २’ बायोवेअरचाच, २००० चा.

मला सगळ्यात सुंदर वाटते ती जागा उभी करण्याची पद्धत. कलाकार गाव किंवा गुहा थ्रीडीत बनवायचे आणि तिचं एक भलंमोठं सपाट चित्र काढायचे. ते चित्र ६४ बाय ६४ पिक्सेलच्या तुकड्यांत कापून ठेवलेलं असतं. म्हणजे तुम्ही बघता ती रस्त्यावरची सावली, भिंतीवरची वेल, सगळं आधीच रंगवलेलं. पण नुसत्या चित्रावर माणूस चालणार कसा? त्यासाठी त्याच जागेची एक छोटी, न दिसणारी नकाशाप्रतिमा असते. तिचा एक पिक्सेल म्हणजे चित्रातला १६ बाय १२ पिक्सेलचा भाग, आणि त्या पिक्सेलचा रंग सांगतो की इथे पाय ठेवता येतो की नाही, आणि ठेवला तर आवाज लाकडाचा येईल की दगडाचा. दुसऱ्या प्रतिमेवरून पात्रावर पडणाऱ्या उजेडाची छटा ठरते. भिंतीमागे गेल्यावर माणूस झाकला जावा म्हणून भिंतींच्या कडा वेगळ्या आखलेल्या. दार उघडलं की तेवढेच तुकडे बदलतात. त्या काळच्या साध्या घरगुती कॉम्प्युटरवर असं जग उभं राहिलं ते याच युक्तीने. किंमत मोजली ती जागेत: पहिला ‘बाल्डर्स गेट’ पाच सीडींवर होता. मामेभावाच्या घरी खेळताना एका भागातून दुसऱ्या भागात गेलं की खेळ पुढची सीडी मागायचा, आणि ती फिरायला लागेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो.

गोष्टीचंही तसंच. खेळातलं प्रत्येक वाक्य ‘डायलॉग.टीएलके’ या एकाच फायलीत, क्रमांक देऊन ठेवलेलं. तलवारीच्या फायलीत तिचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. संभाषण म्हणजे वाक्यांची साखळी, आणि प्रत्येक उत्तराला अट लावता येते: अमुक घडलं असेल तरच हा पर्याय दाखव. ‘टॉर्मेंट’सारखा बोलण्यावर उभा राहिलेला खेळ या लढाईच्या इंजिनावर झाला तो यामुळेच. पात्रांचं वागणंही छोट्या ‘असं असेल तर असं कर’ लिपीत लिहिलेलं, आणि एका अटीपुढे दोन-तीन प्रतिसाद वेगवेगळ्या वजनाचे ठेवता येतात, म्हणून तोच शत्रू दर वेळी तसाच वागत नाही.

आता बदल कसे करतात ते. सगळ्या फायली मोठ्या गठ्ठ्यांत बांधलेल्या असतात, पण ‘ओव्हरराइड’ नावाच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल ठेवली की इंजिन गठ्ठ्यातली सोडून ती वाचतं. एवढंच दार उघडं होतं, आणि चाहत्यांना ते पुरलं. त्यांनी एकेक बाइट तपासून फायलींची रचना लिहून काढली, ‘निअर इन्फिनिटी’सारखी संपादनाची साधनं बनवली. ‘वायडू’ या साधनाने तर मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल, खेळात घालणं आणि नंतर जसंच्या तसं काढून टाकणंही सोपं केलं. ‘जेमआरबी’ या प्रकल्पाने इंजिनच नव्याने, मुक्त स्रोतात, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवून, लिहायला घेतलं. मूळ डेटा तुमच्याकडे असला की खेळ त्यावर चालतो.

उणिवा होत्याच. अरुंद बोळात सहा माणसं एकमेकांत अडकायची, आणि नियमांचा बराच भाग प्रोग्राममध्येच गोठलेला होता. २०१२ पासून बीमडॉग या कंपनीने या खेळांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या तेव्हा त्यातलं पुष्कळ बाहेर आलं. ‘आइसविंड डेल २’चा सोर्स कोड मात्र त्यांना सापडला नाही, त्यामुळे त्याची अधिकृत सुधारित आवृत्ती नाही. बंद कोडचा हा धोका मला फार लागतो. कंपनीच्या कपाटातून एक प्रत हरवली की संपलं.

तुम्हाला हात घालायचा असेल तर ‘निअर इन्फिनिटी’त ‘बाल्डर्स गेट’मधल्या कँडलकीप या ठिकाणच्या खानावळवाल्या विन्थ्रॉपचं संभाषण उघडा आणि एक वाक्य बदलून बघा. मीही तिथूनच सुरुवात केली आणि त्याला मराठी बोलायला लावायचं ठरवलं. देवनागरी टाकली तर पडद्यावर नुसती अनोळखी चिन्हं उमटली. जुन्या इंजिनात प्रत्येक अक्षर एका बाइटचं आणि त्याचं चित्र आधीच काढून ठेवलेलं, त्यात आपल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं कुठून बसणार? शेवटी रोमन लिपीत लिहिलं. पुढच्या वेळी विन्थ्रॉपसमोर गेले तेव्हा तो म्हणाला, “या, बसा, दमला असाल.”