डॉक्टर, एक विचारायचं होतं : हात मागे घेतला कोणी?

आखाजी झाली, जळगावात पारा 45 च्या पुढं जाऊन बसलाय, दुपारी एक ते चार दवाखान्यात कुत्रं फिरकत नाही, त्यामुळं या महिन्याची पत्रं पंख्याखाली निवांत वाचून झाली. त्यातली पाच घेतोय. गंमत अशी की जवळपास सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच आहे, हे जे झालं ते मी केलं का माझ्या अंगानं परस्पर केलं.

प्रश्न (यावलहून एक ताई) : आखाजीला खापरावर मांडे करत होते. मांडा काढताना बोटं खापराला लागली आणि हात झटकन मागे आला, भाजल्याचं मला नंतर कळलं. सासूबाई हसून म्हणे, "तुले समजनं नही, हातले समजी गयं." पण त्याच दिवशी चाळीस माणसांच्या साराचं पातेलं उतरवताना फडकं सरकलं, चांगला चटका बसत होता तरी मी पातेलं सोडलं नाही, ओट्यावर ठेवलं आणि मग बोंबलले. हात तोच, चटका तोच, मग एकदा हातानं ऐकलं नाही आणि एकदा ऐकलं, असं कसं?

उत्तर : ताई, सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं त्यासाठी आम्हाला कॉलेजात दोन लेक्चरं लागली होती. बोटाच्या कातडीत चटका ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात (आपल्याकडं रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि ज्ञानतंतूलाही, पेशंट "नस दबली" म्हणाला की मी आधी विचारतो कोणती, इथं ज्ञानतंतू धरा). तिथून बातमी निघते ती दंडातून, मानेतून मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूत जाते आणि तिथल्या तिथं निकाल लागतो. मेंदूपर्यंत जायची वाट बघितली जात नाही. गावात नदीचं पाणी शिरलं तर पोलीसपाटील मुंबईच्या पत्राची वाट बघत बसतो का, माणसं हलवतो आणि मग वर कळवतो, तसंच. आणि हुकूमही नुसता "ओढ" असा नसतो बरं, दंडाच्या पुढच्या स्नायूला आवळ म्हणून सांगतात त्याच क्षणी मागच्या स्नायूला सैल सोड म्हणूनही सांगतात, नाहीतर दोघांची रस्सीखेच होऊन हात खापरावरच राहिला असता.

तुम्हाला दुखलंही दोनदा असणार, आठवून बघा. आधी चर्र झालं आणि क्षणभरानं ठणका सुरू झाला. त्याचं कारण बातमी दोन गाड्यांनी जाते. एक नस सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगानं नेते, दुसरी जेमतेम अर्धा ते दोन मीटर, म्हणजे एक एक्सप्रेस आणि एक सुरत लाईनची पॅसेंजर. एकाच फलाटावरून एकाच वेळी सुटल्या तरी ठणका मागाहूनच पोचणार.

आता पातेलं. खापराच्या वेळी मेंदू बेसावध होता, त्याचं लक्ष मांड्यात. पातेल्याच्या वेळी मात्र तुम्ही ते बघून, जपून उचललं होतं, सार सांडलं तर पायावर येणार आणि पाहुणे बाहेर पाटावर बसलेत हे सगळं डोक्यात चालू होतं. अशा वेळी मेंदू वरून मज्जारज्जूला दाबून धरतो, आत्ता सोडायचं नाही म्हणून. म्हणजे पोलीसपाटलाचे अधिकार काढून घेतले असं नाही, साहेब स्वतः फोनवर होते इतकंच. याला मर्यादा आहे, फारच तापलेलं असेल तर साहेबांचंही कोणी ऐकत नाही आणि पातेलं खाली येतं.

आणि पुढच्या वेळी भाजलं की लगेच साध्या गार पाण्याच्या धारेखाली 20 मिनिटं हात धरायचा. टूथपेस्ट नको, बर्फ नको, हळद-तेल नको. आपल्याकडं बोटाला पांढरी टूथपेस्ट फासून आलेले पेशंट बघितले की मला आधी ती धुवायला वेळ घालवावा लागतो.

प्रश्न (धुळ्याहून एक भाऊ) : शेवभाजी खाताना मला घाम फुटतो, नाक गळतं, पाणी प्यालो की आग अजून भडकते. बायको म्हणते नाटकं करता. नाटकं आहेत का?

उत्तर : नाहीत. वहिनींना हे वाचून दाखवा. तोंडातल्या नसांवर गरम ओळखणारं एक दार असतं, साधारण 43 डिग्रीला ते उघडतं आणि मेंदूला कळतं की भाजतंय. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तेच दार उघडतं, त्यामुळं गार झालेली भाजी खाल्ली तरी मेंदूकडं बातमी "आग लागली" हीच जाते आणि तो बिचारा अंग गार करायला घाम काढतो, चेहरा लाल करतो. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं 1997 मध्ये मिरचीच्याच मदतीनं शोधलं आणि 2021 चं नोबेल त्यांना (आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत) मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून पाणी पिऊन ते नुसतं तोंडभर पसरतं, त्यापेक्षा दूध किंवा दही घ्या. पक्ष्यांचं हे दार मिरचीनं उघडत नाही, म्हणून पोपट तिखटजाळ मिरची आरामात खातो. त्याच्याशी पैज लावू नका.

प्रश्न (चोपडा तालुक्यातून एक शेतकरी दादा) : मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास धाकटा भाऊ कपाशीवर फवारत होता. पंप पाठीवर गळत होता, नोझल अडकलं की तोंडानं फुंकायचा. दुपारी बांधावर बसला तर तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, उलट्या, दंडाचं मांस आपोआप फडफडतंय. गावात म्हणे ऊन लागलं, कांदा फोडून नाकाला लावला. एका दवाखान्यात सलाईन लावून घरी पाठवलं, रात्री दम लागला तेव्हा दुसरीकडं नेलं, तिथल्या मॅडमनी डोळ्यात बॅटरी मारली आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. वाचला. विष तर अळीचं होतं, मग माणसाच्या अंगात एवढा गोंधळ का?

उत्तर : दादा, भाऊ वाचला हे मोठं झालं. मॅडमनी डोळ्यात काय बघितलं ते आधी सांगतो. त्याच्या डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असणार. ऊन लागलेल्या माणसाच्या तशा होत नाहीत. त्या एका खुणेवर निदान निम्मं होतं, आणि त्या बघायला पाच रुपयेही लागत नाहीत, बघायचं डोक्यात यावं लागतं.

अळीचं विष माणसाला का लागतं, तर अळीच्या नसा आणि आपल्या नसा एकच रसायन वापरतात. नस स्नायूला थेट चिकटलेली नसते, मध्ये बारीकशी फट असते. बातमी नसेच्या टोकाशी आली की नस तिथं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते, ते पलीकडं पोचलं की स्नायू आवळतो. लाळेच्या, घामाच्या ग्रंथी, आतडं, श्वासनळ्या यांनाही हाच निरोप. निरोप पोचला की एक एन्झाइम लगेच ते रसायन तोडून टाकतं, म्हणजे दारावरची बेल एकदा वाजली आणि थांबली. कपाशीवरची जी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं आहेत ती त्या एन्झाइमलाच जाम करतात. मग बेल वाजतच राहते. लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, मांस फडफडत राहतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून बसतात, छातीत पाणी साचतं. भाऊ रात्री दमला तो यानं. दुसऱ्या दवाखान्यात दिलेलं ॲट्रोपिन ग्रंथींच्या आणि हृदयाच्या दारावरची बेल बंद करतं, आणि पाम नावाचं दुसरं इंजेक्शन जाम झालेलं एन्झाइम सोडवतं, म्हणून तेही देतात.

नसा रसायनानं बोलतात हे कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते म्हणून जागा खातो. ऑटो लोवी नावाचा शास्त्रज्ञ ऑस्ट्रियात होता. त्याला रात्री झोपेत प्रयोग सुचला, अर्धवट जागा होऊन कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना (आम्हा डॉक्टरांचं जुनं दुखणं). दुसऱ्या रात्री तोच प्रयोग पुन्हा स्वप्नात आला तेव्हा मात्र तो थेट उठून प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली, पहिल्याची नस चेतवून ते संथ केलं, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्याला दिलं तर तेही संथ झालं, त्याला नस जोडलेली नसताना. म्हणजे निरोप पाण्यात होता. 1921 मध्ये हे छापून आलं, 1936 ला नोबेल. ज्या रसायनाचा शोध बेडकाच्या हृदयात लागला त्यानंच तुमच्या भावाचा दंड फडफडत होता.

आता येत्या हंगामासाठी. ही विषं पोटातूनच जातात असं नाही, घामानं भिजलेल्या शर्टातून कातडीतून जातात, म्हणून गळका पंप म्हणजे पाठीवर विषाची पिशवी. नोझल तोंडानं फुंकायचं नाही, बारीक ब्रश किंवा सुई ठेवा. कोणाला त्रास झालाच तर शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबण लावून अंग आणि केस धुवा, धुणाऱ्यानं हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला, आणि औषधाची बाटली किंवा डबा बरोबर घेऊन दवाखान्यात या. कांदा घरी भाकरीबरोबर खा. उलटी काढायला मीठपाणी पाजू नका. आणि दवाखान्यात कोणी ऐकून घेत नसेल तर मोठ्यानं सांगा, "फवारणी करत होता."

प्रश्न (शहाद्याहून सातवीतली एक मुलगी) : मी स्वतःला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही. दादानं केल्या तर येतं. का?

उत्तर : बेटा, तुझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू आहे. तू हात हलवायच्या आधीच त्याला कळतं की बोटं आता कुठं लागणार, आणि तो बाकीच्या मेंदूला सांगून ठेवतो की ही आपलीच बोटं आहेत, लक्ष देऊ नका. दादाची बोटं कुठं येणार हे त्याला माहीत नसतं. दादाला आधी सांगायला लाव, तरी हसू येईल, कारण दादा खोटं बोलतो.

प्रश्न (भुसावळहून एक वाचक) : आमचे आबा रेल्वेतून रिटायर झाले. आठ महिन्यांपूर्वी लकवा झाला, उजवा हात आता बऱ्यापैकी चालतो, बोलणं समजतं. पण स्वभाव पार बदलला. आयुष्यात घरात शिवी दिली नाही त्या माणसाच्या तोंडी आता आईसमोर शिव्या, ताट फेकतात, टीव्हीवर लग्न लागलं तरी हुंदके देऊन रडतात. मोठे बंधू म्हणतात मुद्दाम करतात, म्हातारपणी लाड पाहिजेत. खरं काय?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्राला सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण लकव्याच्या घरात हातापायाचा व्यायाम सगळे विचारतात आणि हे कोणी विचारत नाही, लाज वाटते.

आबा रेल्वेतले म्हणून रेल्वेचंच उदाहरण देतो. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात 1848 च्या सप्टेंबरात रूळ टाकायचं काम चालू होतं, फिनियस गेज नावाचा 25 वर्षांचा मुकादम सुरुंग ठासत होता, स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. माणूस जगला, थोड्याच वेळात बोलायलाही लागला. पण कपाळामागचा मेंदू गेला होता. आधीचा शहाणा, हिशोबी मुकादम नंतर शिवराळ आणि हट्टी झाला, ओळखीचे म्हणायचे हा आपला गेज राहिला नाही. पुस्तकात बहुतेक इथंच गोष्ट संपवतात, मला ते पटत नाही, कारण त्यानं पुढं चिली देशात जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकली, जे काम डोकं ताळ्यावर असल्याशिवाय होत नाही. रोजचा तोच रस्ता, तीच वेळ, तेच घोडे, यानं तो बराच सावरला असावा असं आता मानतात.

शिवी सगळ्यांच्याच मनात येते हो, आबांच्याही येत असेल चाळीस वर्षं. ती ओठावर अडवणारा ब्रेक कपाळामागच्या भागात असतो. डाव्या मेंदूत रक्त अडलं म्हणून उजवा हात गेला, कारण नसा मध्येच बाजू बदलतात, आणि त्याच झटक्यात ब्रेकच्या वायरीही गेल्या असतील. हात लुळा पडला तेव्हा बंधू म्हणाले का, की मुद्दाम उचलत नाहीत? हाताचं दिसतं, ब्रेकचं दिसत नाही, फरक तेवढाच.

घरी करायचं ते सांगतो. जेवण, अंघोळ, फिरणं रोज त्याच वेळेला. एका वेळी एकच जण बोला, पाहुण्यांचा घोळका आणि टीव्ही दोन्ही एकदम नको. ताट फेकलं तर तिथं वाद घालू नका, खोलीतून पाच मिनिटं बाहेर या. आईंना दिवसातून दोन तास तरी सुट्टी द्या, हे काम बंधूंना द्या, आपोआप त्यांना समजेल. आणि ते लग्न बघून रडणं, ते दुःखाचं असेलच असं नाही, रडण्या-हसण्यावरचाही ताबा सुटलेला असतो. त्याला गोळ्या आहेत आणि बऱ्याच जणांना त्यानं फरक पडतो, पण तुम्ही डॉक्टरांना हात-पाय-बीपी एवढंच सांगत आला असाल तर त्यांना कळणार कसं. पुढच्या तपासणीला आबांच्या समोर नको, बाजूला घेऊन सांगा, शिव्यांसकट.